एच. पी. म्हणजे कोणता एच. पी.?



गेल्या आठवड्यात आमच्या घरी एक गंमत झाली, आणि त्या गमतीच्या पोटातून एक गंभीर गोष्ट निघाली. तीच आज सांगतो. तुमच्या घरी ती होऊ नये, एवढ्यासाठी.

संध्याकाळची वेळ होती. धारा काढून झाल्या होत्या. शेजारचे अण्णा ओट्यावर येऊन बसले होते. तोंड उतरलेले, हातात ट्रॅक्टरचे आर. सी. बुक. काय झाले म्हणून मी विचारणार, तोच आतल्या खोलीतून धाकटा पुतण्या ओरडला, "गेला! माझा एच. पी. संपला!"

अण्णा दचकून उठले. "कुठली मोटर जळली रे? विहिरीवरची का बोअरची?"

स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या, "अहो, परवाच तर नवा सिलिंडर लावलाय. इतक्यात कसा संपेल?"

कोल्हापूरला अर्थशास्त्र शिकणारी पुतणी सुटीला आली आहे. ती वही मिटून हसतच सुटली. म्हणाली, "काका, मला परीक्षेला एच. पी. आहे. तो या तिघांहून वेगळा!"

झाले! एका घरात, एका वेळी, चार एच. पी. निघाले. आणि पाचवा अण्णांच्या हातातल्या पुस्तकात होता. त्या पाचव्यानेच अण्णांचा घात केला होता. त्याची हकिगत शेवटी येईलच. आधी बाकीच्यांची ओळख करून घेऊ.

मंडळी, लांबलचक नाव रोज कोण उच्चारणार? म्हणून माणूस पहिली अक्षरे घेऊन काम भागवतो. पण इंग्रजी अक्षरे सगळी मिळून २६. त्यांच्या दोन-दोनच्या जोड्या लावल्या तर ६७६ होतात, जास्त नाही. जगात नावे मात्र लाखो. मग एकेका जोडीच्या वाट्याला चार-चार, दहा-दहा नावे येणारच. आपल्या गावात एका नावाचे चौघे असले की आपण 'मळ्यातला', 'पारावरचा', 'मास्तरांचा' असे काहीतरी पुढे जोडतो. दोन अक्षरांचेही तसेच करावे लागते. नाही केले तर घोडे पेंड खाते.

मोटरीवरचा एच. पी.

घोड्याचा विषय निघालाच आहे, तर पहिला मान त्याचा. मोटरीवरचा एच. पी. म्हणजे हॉर्स पॉवर, अश्वशक्ती. हे माप बसवले जेम्स वॅट या स्कॉटलंडच्या कारागिराने. १७६९ साली त्याने वाफेच्या इंजिनातल्या सुधारणेचे पेटंट घेतले. खाणीत जुनी इंजिने होती, तिथे त्याचा हिशेब सोपा होता. माझ्या इंजिनाने कोळशाची जी बचत होईल तिचा तिसरा हिस्सा मला द्या, असे तो सांगे. पण गिरण्यांत आणि दारूभट्ट्यांत इंजिन नव्हतेच, तिथे घोडे गोल फिरत होते. कोळसाच नाही, तर बचत कशाची दाखवायची? गिऱ्हाईक विचारणार, "तुझे इंजिन आले तर माझे किती घोडे सुटतील?" म्हणून वॅटने घोड्याच्याच भाषेत माप बसवले. ३३,००० पौंड वजन एका मिनिटात एक फूट उचलणे म्हणजे एक अश्वशक्ती. आपल्या मापात सांगायचे तर सुमारे ७६ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलणे. दिवसभर राबणाऱ्या घोड्याला हे झेपत नाही, पण माप तेच रूढ झाले. पुढे शक्तीच्या नव्या एककाला वॅटचेच नाव दिले गेले. ७४६ वॅट म्हणजे एक एच. पी.

आपल्याकडे मोट ओढणाऱ्या बैलजोडीची ताकद सुमारे एक एच. पी. धरतात. म्हणजे पाच एच. पी.ची मोटर म्हणजे पाच बैलजोड्या. त्यांना वैरण लागत नाही, हे खरे. पण वीज लागते.

आता पंप निवडताना कामी येईल असा एक हिशेब. दर सेकंदाला ५ लिटर पाणी हवे आहे, आणि विहिरीच्या तळापासून पाटापर्यंतची चढण, पाइपातले घर्षण धरून, ४५ मीटर भरते. ५ गुणिले ४५ म्हणजे २२५. त्याला ७५ ने भागले की ३ येतात. पण पंप स्वतःसाठी काही ताकद खातो. शंभरातले साठच पाण्याच्या कामी येतात असे धरले, तर मोटर ५ एच. पी.ची लागते. हिशेब न करता शेजाऱ्याची पाहून मोठी मोटर बसवली, तर बिलही मोठे आणि विहिरीचा तळही लवकर दिसतो.

आणि इथेच एक खड्डा आहे, तो नीट पाहून ठेवा. मोटरीच्या पाटीवर ताकद दोन मापांत लिहिलेली असते. एक एच. पी. आणि दुसरे किलोवॅट. ३ एच. पी. म्हणजे २.२ किलोवॅट, ५ म्हणजे ३.७, साडेसात म्हणजे ५.५, आणि १० एच. पी. म्हणजे ७.५ किलोवॅट. साडेसातचा आकडा दोन्हीकडे येतो, हे ध्यानात आले का? जुलै २०२४ मध्ये शासनाने मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना काढली. ती साडेसात एच. पी.पर्यंतच्या कृषिपंपांसाठी, एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत आहे. दुकानात पाटीवर नुसता साडेसातचा आकडा पाहून कुणी खुशीत मोटर उचलली आणि तो आकडा किलोवॅटचा निघाला, तर घरी येते ती दहा एच. पी.ची मोटर. वीज कंपनीकडचा मंजूर भार साडेसातचा, विहिरीवर मोटर दहाची. मग तपासणीला माणूस आला की काय उत्तर देणार? म्हणून आकडा वाचला की त्याच्या शेजारची अक्षरेही वाचा.

पुतण्याचा एच. पी.

पुतण्याचा एच. पी. म्हणजे हिट पॉइंट. मोबाईलवरच्या खेळातला गडी किती मार सोसू शकतो, त्याचा हा आकडा. मार बसला की आकडा घटतो, शून्य झाला की गडी बाद. पुष्कळ खेळांत कोपऱ्यात एक पट्टी दिसते, ती याचीच.

ही कल्पना मोबाईलहून जुनी आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ काढला. कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन टेबलाभोवती बसून खेळायचा. त्याआधी लढाऊ जहाजांचे खेळ होते, त्यांत कोणते जहाज किती मारा सोसेल याचा हिशेब ठेवत. आर्नेसनने तो हिशेब जहाजावरून माणसाला लावला. मग जपानी लोकांनी तो पडद्यावर नेला. १९८६ चा 'ड्रॅगन क्वेस्ट', १९९६ चा 'पोकेमॉन', यांतून एच. पी. ही अक्षरे जगभरच्या पोरांच्या तोंडी बसली.

पोरगा खेळतो त्याला माझी ना नाही. अभ्यास झाला असेल तर घटकाभर खेळू द्यावे. पण काही खेळांत संपलेली ताकद पैसे देऊन पुन्हा भरता येते, हे आई-बापांनी ओळखून असावे. दुधाचे पैसे ज्या मोबाईलवर जमा होतात, त्यावरच पोरगा खेळत असेल, तर पैशाच्या ॲपचा पिन त्याला सांगू नका. खेळातला एच. पी. भरता भरता घरचा संपायचा!

पुतणीचा एच. पी.

पुतणीचा एच. पी. म्हणजे दोन माणसांच्या आडनावांची अक्षरे. रॉबर्ट हॉड्रिक आणि एडवर्ड प्रेस्कॉट हे अमेरिकेतले दोन अर्थशास्त्रज्ञ. त्यांनी १९८० च्या सुमारास एक निबंध लिहिला. तो हातोहात फिरला, वापरला गेला, आणि नियतकालिकात रीतसर छापून आला १९९७ साली. प्रेस्कॉट यांना पुढे २००४ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिकही मिळाले, ते फिन किडलंड यांच्या जोडीने. या दोघांच्या पद्धतीला एच. पी. फिल्टर म्हणतात. फिल्टर म्हणजे गाळणी.

गाळणी कशाची? आकड्यांची. पुतणीने मला विहिरीचे उदाहरण देऊन समजावले, तेच तुम्हाला देतो. समजा, वीस वर्षे दर उन्हाळ्यात तुम्ही विहिरीचे पाणी मोजून वहीत लिहून ठेवले. ओल्या वर्षी पाणी वर, कोरड्या वर्षी खाली. आकडे नुसते उड्या मारताना दिसतात. पण वीस वर्षे एकत्र पाहिली, तर पाणी हळूहळू खाली चालले आहे की टिकून आहे, हे समजायला हवे. ही गाळणी त्या उड्या एका बाजूला काढते आणि मुळातली चाल दुसऱ्या बाजूला. देशाचे उत्पन्न वाढले, तर ती वाढ एका चांगल्या वर्षाची की खरोखरची, हे पाहायला अर्थशास्त्रज्ञ ती वापरतात. आपल्या रिझर्व्ह बँकेतले अभ्यासकही वापरत आले आहेत.

पण तिच्यातही खोट आहे. मधल्या वर्षांची चाल ती बरी दाखवते, शेवटच्या एक-दोन वर्षांपाशी मात्र फसते. पुढचे आकडे आले की आधीचे उत्तर बदलते. जेम्स हॅमिल्टन या अर्थशास्त्रज्ञाने तर २०१८ साली निबंध लिहून, ही गाळणी कधीच वापरू नका, असे सांगितले. मोठमोठ्या पंडितांचे यावर एकमत नाही.

तुम्ही म्हणाल, याचा आम्हाला काय उपयोग? आहे ना. कांद्याला या आठवड्यात भाव चढला, की सगळा गाव कांदा लावायला धावतो. ती एक उडी असते. चाल कळायला मागची पाच-दहा वर्षे पाहावी लागतात, आणि अगदी शेवटच्या आकड्यावर भिस्त ठेवून चालत नाही. नोबेल मिळवणाऱ्यांची गाळणी जिथे फसते, तिथे आपण अंदाजाने उडी घ्यावी का? ज्याने त्याने विचार करावा.

कचेरीतला एच. पी. आणि वहिनींचा एच. पी.

सातबारा काढायला सेवा केंद्रात गेलात, तर तिथल्या छपाई यंत्रावर ही दोन अक्षरे गोल चक्रात दिसण्याचा संभव आहे. तीही दोन माणसांचीच. बिल ह्यूलेट आणि डेव्ह पॅकार्ड या दोन मित्रांनी १९३९ साली कॅलिफोर्नियात, पालो आल्टो गावी, मोटार ठेवायच्या खोलीत कारखाना सुरू केला. नाव कुणाचे आधी लावायचे, यासाठी त्यांनी नाणे उडवले म्हणतात. नाणे उलटे पडते तर आज आपण पी. एच. म्हटले असते! सुरुवातीला विजेची मापन-यंत्रे, पुढे संगणक. १९७२ साली त्यांनी 'एच. पी. ३०००' नावाचा संगणक काढला. कारखान्यांचे पगारपत्रक, गोदामातला माल, गिऱ्हाइकांची खाती, असली कामे तो वर्षानुवर्षे करत असे. २०१५ साली या कंपनीचे दोन भाग झाले. छपाई यंत्रे आणि टेबलावरचे संगणक एकीकडे, बड्या कंपन्यांचे मोठे संगणक दुसरीकडे. दुसऱ्या भागाने ओळख पटावी म्हणून पुढे 'ई' हे अक्षर जोडले. बघा, भाऊ वेगळे निघाले की दाराला वेगळी पाटी लावावीच लागते.

वहिनींच्या सिलिंडरवरचा एच. पी. म्हणजे हिंदुस्तान पेट्रोलियम. १९७४ साली सरकारने एस्सो या परदेशी कंपनीचा इथला कारभार ताब्यात घेतला, त्यातून ही कंपनी उभी राहिली. तिचे मुख्य कार्यालय मुंबईलाच आहे. आणि सफरचंदाच्या पेट्या घेऊन येणाऱ्या ट्रकच्या नंबरावर एच. पी. दिसले, तर तो हिमाचल प्रदेश. हे दोन्ही निरुपद्रवी. यांच्याकडून कुणी फसल्याचे ऐकिवात नाही.

अण्णांचा एच. पी.

आता ओट्यावर बसलेल्या अण्णांकडे वळू.

अण्णांनी ट्रॅक्टर कर्जाऊ घेतला होता. एकही हप्ता चुकवला नाही. चार वर्षांपूर्वी शेवटचा हप्ता भरला, त्या दिवशी पेढे वाटले. आम्हीही खाल्ले. आता थोरल्या मुलीला नर्सिंग कॉलेजात प्रवेश मिळाला, फी भरायची म्हणून ट्रॅक्टर विकायला काढला. शेजारच्या गावचे गिऱ्हाईक आले, ट्रॅक्टर चालवून पाहिला, पसंत पडला. इसाराची रक्कम खिशात होती. गिऱ्हाइकाच्या मुलाने आर. सी. बुक मागितले, वाचले, आणि बापाच्या कानात काहीतरी सांगितले. ते उठून उभे राहिले. म्हणाले, "अण्णा, यावर बोजा आहे. आधी तो उतरवा, मग बघू." आठ दिवसांनी कळले, त्यांनी दुसरीकडचा ट्रॅक्टर घेतला.

आर. सी. बुकात एच. पी. ए. अशी अक्षरे होती आणि पुढे कर्ज देणाऱ्या कंपनीचे नाव. अण्णा मला म्हणाले, "मी समजत होतो, ट्रॅक्टर किती एच. पी.चा आहे ते लिहिलंय. पुढचा ए काहीतरी सरकारी असेल."

मंडळी, इथला एच. पी. घोड्याचा नव्हे. हायर पर्चेस म्हणजे भाडे-खरेदी. हप्ते फिटेपर्यंत वस्तू तुमच्या दारात, पण मालकी दुसऱ्याची. शिवणयंत्रे विकणाऱ्या सिंगर कंपनीने १८५६ साली अमेरिकेत हा मार्ग धरला. एकरकमी पैसे नसलेल्या बायकांच्या घरी त्यामुळे यंत्र पोचले, हे त्याचे पुण्य. आपल्याकडे १९७२ साली या व्यवहाराचा कायदाही संमत झाला होता. तो २००५ साली रद्द केला. आता बहुतेक वाहनकर्जे नजरगहाण पद्धतीची असतात. इंग्रजीत त्याला हायपोथिकेशन म्हणतात. त्यात मालक तुम्हीच, पण वाहनावर सावकाराचा हक्क. आर. टी. ओ. कचेरीत मात्र या दोन्हींना सरसकट एच. पी. म्हणतात. ए म्हणजे ॲग्रीमेंट, करार.

आणि मुख्य गोष्ट ही, की हप्ते फिटले म्हणून ही नोंद आपोआप पुसत नाही. ती आपण जाऊन पुसून घ्यावी लागते.

अण्णा ना-हरकत पत्र आणायला निघाले, तर तालुक्याची शाखा बंद झालेली. जिल्ह्याला गेले, तर जुनी फाईल मुख्य कचेरीत, पावत्या आणा म्हणाले. निम्म्या पावत्या वाळवीने खाल्लेल्या. तीन खेपा झाल्या. शेवटी बँकेच्या पासबुकात हप्ते वळते झाल्याच्या नोंदी सापडल्या, त्यांवरून काम पुढे सरकले आहे. पत्र मिळेल असे सांगितले आहे. पण फीची तारीख काही थांबत नाही. काकूंनी हातातल्या पाटल्या काढून दिल्या. त्या गहाण ठेवून पोरीची फी भरली. एक कर्ज फेडून झाल्याचा कागद नाही, म्हणून दुसरे कर्ज काढावे लागले.

अण्णांनी यात कुठे लबाडी केली? कुठे आळस केला? दोन अक्षरांचा अर्थ विचारायचा राहिला, एवढेच. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच.

तुम्ही काय करावे

आज रात्री जेवणे झाली की ट्रंकेतून ट्रॅक्टरचे, मोटारसायकलचे, पिकअपचे पुस्तक काढा. घरातल्या शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला वाचायला सांगा. एच. पी., एच. पी. ए., हायपोथिकेशन किंवा एखाद्या बँकेचे, कंपनीचे नाव दिसते का पाहा. दिसले आणि कर्ज फिटलेले असेल, तर असे करा :

१) कर्ज देणाऱ्याकडून ना-हरकत पत्र घ्या. त्याच्याच सही-शिक्क्याचा फॉर्म नंबर ३५ घ्या. त्यावर आपलीही सही लागते.

२) पत्र मिळाले की ते घरात पडू देऊ नका. आर. सी. बुक आणि विम्याचा कागद बरोबर घेऊन आर. टी. ओ.कडे बोजा उतरवण्याचा अर्ज द्या.

३) विम्याच्या कागदावरही सावकाराचे नाव असते. तेही काढून घ्या. नाहीतर अपघात झाला तर भरपाईचा प्रश्न अडकतो.

४) पीककर्ज किंवा पाइपलाइनचे कर्ज फिटले असेल, तर सातबारावरच्या 'इतर हक्क' रकान्यात बोजा राहिला आहे का पाहा. बँकेचे पत्र घेऊन तलाठी कार्यालयात तो कमी करण्याची नोंद करून घ्या.

५) शेवटच्या हप्त्याची पावती आणि खातेउतारा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवा. पेढे नंतर वाटा.

आणि कुठलीही आखूड अक्षरे दिसली की तीन प्रश्न विचारा. ही कुठे लिहिली आहेत? लिहिणारा कोण? पुढे-मागे काय आहे? मोटरीच्या पाटीवर असतील तर घोडा. खेळात असतील तर प्राण. अर्थशास्त्राच्या वहीत असतील तर गाळणी. छपाई यंत्रावर असतील तर कंपनी. आणि गाडीच्या पुस्तकात असतील तर कर्ज. समजले नाही तर विचारायला लाजू नका. आमच्या पुतण्याने कुणाला न लाजता विचारले, "काका, मग अण्णांचा एच. पी. परत कसा भरायचा?" अण्णा त्या दिवसात पहिल्यांदा हसले.

तुमच्या कागदपत्रांत अशी न समजणारी अक्षरे असतील, तर पोस्टकार्डावर लिहून कळवा. कागद कशाचा, ते मात्र जरूर लिहा. नुसती अक्षरे कळवलीत, तर मीही अण्णांसारखाच चुकेन.